हातचें काम गेल्यावर

वरठी हें गांव रेल्वेच्या वेळापत्रकांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी येथें थांबते, तेव्हां समोर पाटी दिसते ती ‘भंडारा रोड’ अशी. पण त्या पाटीखालीं उतरणाऱ्या माणसाचा पाय पडतो तो वरठीच्या भूमीवर. भंडारा शहर लोहमार्गापासून कांहीं मैल दूर राहिलें, म्हणून स्थानकाला नांव शहराचें मिळालें आणि गांवाच्या वांट्याला प्रवाशांची वर्दळ आली. १८८० सालीं नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा अरुंद मार्ग या बाजूनें राजनांदगांवाकडे गेला. छत्तीसगडांतील धान्य बाहेर नेतां यावें हा त्याचा मुख्य हेतु होता. पुढें १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो आपल्याकडे घेऊन रुंद केला. धान्याच्या पोत्यांबरोबर त्या मार्गानें माणसेंही जाऊं-येऊं लागलीं. आणि त्यांपैकीं पुष्कळ जण असे होते, कीं ज्यांचें हातचें काम गेलें होतें व जे दुसरें काम शोधण्यास घराबाहेर पडले होते.

श्रोतेहो, आज आपणांपुढें जो विषय मांडावयाचा आहे, तो या माणसांचा. राजे केव्हां गादीवर बसले आणि लढाया कोठें झाल्या, हें आपण शाळेंत पाठ केलेलें असतें. परंतु एका कुटुंबांतील कर्त्या पुरुषाचें काम सुटलें, मग त्याला दुसरें कसें मिळालें, कोणी मिळवून दिलें, आणि शेजारच्याला तें कां मिळालें नाहीं, हा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाहीं. तो सांगण्याची लाज वाटते, हेंही त्याचें एक कारण आहे. कामावरून कमी केलेला गृहस्थ सकाळीं नेहमींच्या वेळीं डबा घेऊन बाहेर पडतो, दिवसभर कोठें तरी बसतो आणि दिवेलागणीस परत येतो. घरांतील माणसांना सर्व कळलेलें असतें, पण कोणी शब्द काढीत नाहीं. असा प्रसंग आपल्या ओळखीच्या एखाद्या घरांत घडला नसेल, असें म्हणण्याचें धाडस किती जणांना होईल? जी गोष्ट एका घरांत लाजेची वाटते, ती सबंध जिल्ह्याच्या शंभर-दीडशें वर्षांत पाहिली म्हणजे तिचें रूप पालटतें. म्हणून आपण आज भंडारा जिल्ह्याच्या वाटेनें थोडें मागें जाऊं.

या प्रदेशांतील पहिली मोठी बेकारी एका मृत्यूनें आणली. १८५३ च्या डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचें राज्य खालसा करण्यांत आलें. राज्य जातें तेव्हां केवळ सिंहासन जात नाहीं. दरबाराच्या आश्रयानें जगणारे शिलेदार, कारकून, हुजरे, गवई, कारागीर या सर्वांच्या पोटाचा आधार एकदम सुटतो. त्यांतच विणकर होते. नागपूर, उमरेड, भंडारा आणि वैनगंगेच्या कांठचें पवनी येथील कोष्टी रेशीमकांठी धोतरें, लुगडीं आणि पागोटीं विणीत. त्यांतील अति तलम माल घेणारें गिऱ्हाईक म्हणजे दरबारी मंडळी. गिऱ्हाईक गेलें, माग मात्र घरांत उभा राहिला. विणकराचा हात पूर्वींइतकाच कुशल होता. चूक कोठें झाली असें कोणी त्याला विचारलें असतें, तर त्याला कांहींच उत्तर देतां आलें नसतें.

दुसरा आघात आगगाडीनें केला. १८६७ सालीं मुंबईहून येणारी रेल्वे नागपुरास पोंचली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटल्यामुळें इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, आणि तेव्हांपासून वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर त्यांची दृष्टि होती. या प्रांताचा कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नाक यानें येथील विणकरांच्या कापडाचे नमुने गोळा करवून विलायतेस धाडले, हेतु हा कीं तिकडील गिरण्यांनीं तसेंच कापड काढून इकडे पाठवावें. विलायती कापड स्वस्त पडलें म्हणजे येथील विणकर माग सोडून शेतीकडे वळतील आणि कापूस निर्यातीस मोकळा होईल, असा हिशोब त्याच्या लिखाणांत उघडपणें मांडलेला आहे. एका माणसाचें काम जाण्यामागें सात समुद्रांपलीकडचा हिशोब असूं शकतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. मोहाडीच्या किंवा आंधळगांवच्या विणकराला तो हिशोब ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्याला एवढेंच दिसत होतें, कीं बाजारांत नेलेलें लुगडें परत घरीं येत आहे.

तथापि हिशोब जसा मांडला तसा उतरला नाहीं. रेशीमकांठी माल विणणारे कोष्टी टिकून राहिले. त्यांनीं हातचें सूत सोडून गिरणीचें सूत घेतलें आणि माग चालू ठेवला, कारण येथील स्त्रियांना जशीं लुगडीं हवीं असत तशीं यंत्राला सहजासहजीं साधत नव्हतीं. खरा घाव बसला तो जाडेंभरडें कापड विणणाऱ्यांवर. नागपूर प्रांतांत हें काम पुष्कळशीं महार कुटुंबें करीत असत. साध्या पांढऱ्या कापडाची बरोबरी यंत्रानें सर्वांत आधीं केली, आणि त्यांचे माग सर्वांत आधीं बंद पडले. ज्यांच्यापाशीं जमीन नाहीं, भांडवल नाहीं आणि गांवांत मानाची जागा नाहीं, त्यांचेंच काम प्रथम जावें, हा क्रम पुढेंही आपणांस पुन्हां पुन्हां आढळेल.

मग हीं माणसें गेलीं कोठें? कांहीं शेतमजुरीस लागलीं, कांहीं रेल्वेच्या बांधकामावर गेलीं; आणि पुष्कळ जणांनीं नागपूरची वाट धरली. तेथें १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें, म्हणून गिरणीस ‘एम्प्रेस’ हें नांव पडलें. या गिरणीच्या इतिहासांत एक गोष्ट मोठी सूचक आहे. टाटांनीं तिचा कारभार बेझनजी दादाभाई मेहता यांच्या हातीं दिला. हे गृहस्थ पूर्वीं रेल्वेच्या नोकरींत होते. कापडाच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. टाटांनीं माणूस पारखला, धंदा तो शिकेल असा विश्वास धरला, आणि तो विश्वास खरा ठरला. नव्या कामाला जुन्या कामाचा दाखला लागतोच असें नाहीं. विश्वास टाकणारा कोणी तरी भेटावा लागतो.

परंतु व्यवस्थापकाला मालकाचा विश्वास मिळाला. गिरणीच्या दाराशीं उभ्या असलेल्या विणकराला तो कोणी द्यावा? येथें आपण आपल्या विषयाच्या गाभ्यापाशीं आलों. त्या काळीं कामगारांची भरती मालक स्वतः करीत नसे. खात्याचा मुकादम, ज्याला मुंबईंत जॉबर म्हणत, तो माणसें आणी. स्त्रियांच्या खात्यांत हेंच काम नायकीण करी. जॉबर आपल्या गांवचा, आपल्या नात्यागोत्याचा, आपल्या जातीचा माणूस घेई. गांवाहून आलेला तरुण प्रथम आपल्या मामाच्या खोलीवर उतरे, मामा त्याला जॉबरकडे घेऊन जाई आणि “हा आपला आहे” एवढें म्हणे. त्या एका शब्दावर काम मिळे. शहरांत परक्या झालेल्या माणसाला या रीतीचा आधार केवढा होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. निवारा, उधारी, धीर आणि काम हीं सर्व एकाच ओळखीच्या तोंडून मिळत.

पण ज्या शब्दानें एकाला दार उघडतें, त्याच शब्दाच्या अभावीं दुसऱ्याला तें बंद राहतें. शिवाय शब्दाला किंमतही पडे. काम देतांना दस्तुरी, काम टिकवितांना दस्तुरी, आणि जॉबरची मर्जी गेली कीं काम गेलें. हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशननें १९३१ च्या आपल्या अहवालांत या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरणीमालकांनीं १९३५ सालीं बदली कामगारांस कार्ड देण्याची योजना काढली, तिच्यामागेंही दाराशीं रोज उभ्या राहणाऱ्या गर्दीला कांहीं तरी नियम लावावा, हाच विचार होता.

याहूनही खोल अन्याय एक होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचें खातें अधिक मजुरीचें. पण त्या खात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नसे. कारण असें सांगत, कीं धोट्यांतील कांडी बदलतांना धागा तोंडानें ओढून घ्यावा लागतो आणि तेवढ्यानें इतरांना विटाळ होतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं घरच्या मागावर कापड विणलें, त्यांचा माग यंत्रानें बंद पाडावा, आणि त्या यंत्रापाशीं ते गेले असतां त्यांना सूत काततां यावें पण विणूं देऊं नये, अशी ही अवस्था होती. १९२८ च्या प्रचंड गिरणीसंपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणें मांडला. ओळखीच्या शब्दावर चालणाऱ्या भरतींत कौशल्याला दुसरें स्थान असतें, ही गोष्ट त्या एका प्रश्नानें उघडी पडली.

आतां पुन्हां भंडाऱ्याकडे येऊं. कारण या जिल्ह्याच्या वांट्याला तोंवर आणखी दोन धंदे आले होते. तुमसर भागांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीज निघालें. विणकर, शेतमजूर आणि रानांतील आदिवासी यांना खाणींत रोज मिळूं लागला. परंतु मँगनीजचा खप पोलादाच्या कारखान्यांत, आणि ते कारखाने बहुतेक परदेशांत. १९२९ सालीं अमेरिकेंतून जी जागतिक मंदी सुरू झाली, तिनें पोलादाची मागणी खालीं आणली. त्याबरोबर मध्यप्रांतांतील अनेक खाणी थंडावल्या. न्यूयॉर्कच्या सट्टेबाजाराचें नांवही ज्यानें ऐकलें नव्हतें, तो माणूस कुदळ खांद्यावर टाकून धानाच्या बांधीकडे परतला. बांधीनें त्याला जागा दिली, पण पोटभर दिलें नाहीं. कारण रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर तेथें सर्वांना पुरेल एवढें काम कधींच नसतें.

दुसरा धंदा विड्यांचा. टेंभुर्णीचीं पानें, ज्यांना तेंदूपान म्हणतात, तीं या जिल्ह्याच्या रानांत विपुल. पान आणि तंबाखू ठेकेदारानें द्यावी, घरच्या स्त्रियांनीं विड्या वळाव्या, आणि हजारामागें मजुरी घ्यावी, ही रीत गांवोगांव पसरली. पुरुषाचें काम सुटलें त्या दिवसापासून घर चालविलें तें पुष्कळदां या सुपांतल्या पानांनीं; आणि तरीही त्या घराचा कर्ता ‘बेकार’ आणि घरची बाई ‘कांहीं करीत नाहीं’ अशीच समजूत राहिली. तिच्या कामाला कायद्याचें संरक्षण मिळावयास १९६६ चा विडी व सिगार कामगारांचा कायदा यावा लागला. मुंबईंतही असेंच घडलें. गिरणगांवांत खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आणलें आणि त्यांना सावकाराऐवजीं बँकेचें कर्ज मिळूं लागलें. घरांतलें दुसरें काम शोधणारी व्यक्ति नेहमीं ज्याचें काम गेलें तीच असते असें नाहीं. बहुधा ती त्याची पत्नी किंवा आई असते.

ओळखीच्या शब्दाच्या जागीं उघडी नोंद ठेवावी, ही कल्पना पाश्चात्य देशांत आधीं रुजली. इंग्लंडांत १९०९ सालीं कायदा होऊन १९१० पासून सरकारी कामगार-विनिमय कचेऱ्या उघडण्यांत आल्या: मालकानें रिकामी जागा कळवावी, बेकारानें नांव नोंदवावें, आणि मध्यस्थाला दस्तुरी पडूं नये. १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें हीच गोष्ट सर्व राष्ट्रांसाठीं ठरावानें मान्य केली. आपल्याकडे ती यावयास दुसरें महायुद्ध संपावें लागलें. त्या युद्धांत हिंदी सैन्याची संख्या सुमारें २५ लाखांवर गेली होती. शांतता होतांच त्यांतील बहुसंख्य शिपायांना घरीं पाठविणें भाग होतें. ज्यांनीं रणांगण पाहिलें, त्यांना बेकार म्हणून गांवांत सोडून देणें सरकारला परवडणारें नव्हतें. म्हणून १९४५ च्या जुलैंत पुनर्वसन व सेवायोजन खातें निघालें आणि ठिकठिकाणीं नोंदणीच्या कचेऱ्या उघडल्या. त्या वेळीं मजूरखातें ज्यांच्याकडे होतें, ते मंत्री म्हणजे डॉ. आंबेडकर. विणकामखात्याच्या बंद दारासंबंधीं ज्यांनीं प्रश्न विचारला, त्यांच्याच कारकीर्दींत जातीपातीची ओळख न विचारणाऱ्या या वहीचें पहिलें पान उघडलें, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. हेच बाबासाहेब १९५४ सालीं भंडारा मतदारसंघांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले होते. त्या निवडणुकींत त्यांना अपयश आलें.

प्रथम सैनिकांसाठीं असलेल्या या कचेऱ्या १९४८ पासून सर्वांस खुल्या झाल्या. १९५३ सालीं औद्योगिक कलहाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन कामगाराला कमी करतांना एक महिन्याची सूचना, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देण्याचें बंधन मालकावर आलें. जो शेवटीं आला त्याला प्रथम कमी करावें, आणि पुन्हां भरती करतांना कमी केलेल्यांना आधीं बोलवावें, हींही तत्त्वें त्याच दुरुस्तीनें आलीं. १९५९ च्या कायद्यानें रिकाम्या जागा कचेरीस कळविणें मोठ्या आस्थापनांवर बंधनकारक केलें. २०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेंत, कमी केलेल्या कामगारास नवें कौशल्य शिकतां यावें म्हणून त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकानें एका निधींत भरावी, अशी तरतूद घालण्यांत आली. हा क्रम पाहिला म्हणजे समाजाचें मत कसें बदलत गेलें तें दिसतें: काम जाणें हें प्रथम दैव मानलें गेलें, मग मालकाचें देणें ठरलें, आणि पुढें नवें काम शिकविणें हेंही कर्तव्य मानलें जाऊं लागलें.

येवढें असूनही कायद्यानें सर्व कांहीं साधलें, असें म्हणतां येणार नाहीं. वहींत नांव लिहिल्यानें जागा निर्माण होत नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांनीं संप पुकारला. त्यानंतर हजारों कामगार गिरणींत परत गेलेच नाहींत. कोणी गांवीं परतला, कोणी पहारेकरी झाला, कोणी रस्त्याच्या कडेला भाजीची पाटी मांडली. नागपूरची एम्प्रेस गिरणी १९८६ सालीं राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या आरंभीं तिचीं चाकें कायमचीं थांबलीं. विणकराच्या नातवाचें कामही शेवटीं विणकराच्या कामाच्या वाटेनें गेलें. दुसऱ्या बाजूस, ज्या वरठीच्या स्थानकावरून माणसें बाहेर जात, त्याच वरठींत १९८९ सालीं सनफ्लॅग कंपनीचा पोलादाचा कारखाना सुरू झाला आणि कामासाठीं लोक गाडींतून तेथें उतरूं लागले. उद्योग एका गांवांतून उठतो आणि दुसऱ्या गांवांत बसतो. मधल्या काळांत घर कसें चालावें, एवढाच खरा प्रश्न आहे.

श्रोतेहो, या इतिहासावरून घरीं नेण्याजोगे दोन विचार मला दिसतात. पहिला असा, कीं काम सुटलें याची लाज धरूं नये. दरबार गेला तो विणकराच्या आळसानें नव्हे; खाण थांबली ती मजुराच्या चुकीनें नव्हे. जो माणूस आपली अवस्था झांकून ठेवतो, तो ज्या एका शब्दानें नवें दार उघडावयाचें, तो शब्द उच्चारण्याची संधीच आप्तेष्टांना देत नाहीं. डबा घेऊन बागेंत बसणाऱ्या गृहस्थानें पहिल्याच दिवशीं घरांत, शेजारीं आणि जुन्या सोबत्यांत आपली हकीकत मोकळेपणें सांगावी. कचेरींत नांवही नोंदवावें. शब्द आणि नोंद हीं दोन्ही लागतात.

दुसरा विचार ज्यांचें काम आज सुरक्षित आहे त्यांच्यासाठीं आहे. आपल्या तोंडीं जो शब्द आहे, तो आपण कोणासाठीं खर्च करतों? भाचा, पुतण्या, शेजारी यांच्यासाठीं तो सहज निघतो, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु जॉबरही याहून निराळें कांहीं करीत नव्हता. ज्याला मामा नाहीं, ज्याच्या आडनांवावरून दार लोटलें जातें, आणि तरी ज्याच्या हातीं कसब आहे, अशा एका अनोळखी माणसासाठीं वर्षांतून एकदां तरी तो शब्द आपल्या तोंडून निघावा. वरठीच्या स्थानकावर आजही ज्या गाड्या थांबतात, त्यांत पिशवी सांभाळीत दाराशीं उभा असलेला असा कोणी तरी असतो. त्याला उतरल्यावर कोणाकडे जावयाचें आहे, हें ठाऊक असावें, एवढीच अपेक्षा.